बेवारस असं काही नसतं

प्रति,
मा. मुख्याधिकारी मॅडम, मा. नगराध्यक्ष आणि सर्व सन्माननीय नगरसेवक,
आमची नगरपरिषद

विषय : बेवारस वाहनं आणि पडीक वाड्यांविरुद्धची मोहीम

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या बोळाच्या तोंडाशी कित्येक वर्षं उभ्या असलेल्या व्हॅनच्या काचेवर आपल्या माणसांनी कागद चिकटवला. ‘सदर वाहन बेवारस स्थितीत आढळून आले असून सात दिवसांच्या आत हलवावे, अन्यथा जप्त करण्यात येईल.’ त्याच दुपारी पलीकडच्या बंद वाड्याच्या दरवाज्यावर लाल रंगात ‘धोकादायक इमारत’ अशी अक्षरं उमटली. पावसाळ्याच्या तोंडावर नगरपरिषदेनं मोहीम हाती घेतलीय असं कळलं. या दोन्ही गोष्टींसाठी मी नऊ वर्षांत चार अर्ज दिलेत. चारही अर्जांची पोहोच माझ्या कपाटात आहे. त्यामुळे तो कागद वाचून मला आधी समाधान वाटलं, हे मनापासून सांगते.

मग त्यातल्या एका शब्दापाशी मी थांबले. बेवारस. त्या व्हॅनचा मालक मला ठाऊक आहे. वाड्याचे मालकही ठाऊक आहेत, एकदोन नव्हे, तेवीस. आपल्या गावात गंजत आणि ढासळत चाललेल्या प्रत्येक वस्तूचा कुठल्या ना कुठल्या कागदावर मालक आहे. गाडीचा वारस पुढे येत नाही, आणि वाड्याचे वारस इतके आहेत की त्यातला एकही पुढे येत नाही. ही मोहीम पार पडायची असेल तर तो वारस शोधून काढावा लागेल आणि त्याचा पाय कशात अडकलाय हे बघावं लागेल. नुसती क्रेन आणून भागणार नाही. एवढंच सांगायला हे पत्र लिहितेय, पण ते थोडक्यात सांगता येणार नाही.

गावाचं नाव मी वर घातलेलं नाही. आपल्याला ते माहीतच आहे, आणि दुसऱ्या गावच्या कुणी हे वाचलं तर त्यांना आपल्या गावाचं नाव तिथे सहज घालता येईल.

मी एकतीस वर्षं आरोग्य सेविका म्हणून काम केलं. पावसाळा लागला की आमचं कंटेनर सर्वेक्षण सुरू व्हायचं. हातात बॅटरी, खांद्याच्या पिशवीत ॲबेट या अळीनाशकाची बाटली, वही आणि खडू. घरात शिरून रांजण, टाकी, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचे टायर, सगळ्यांत उजेड टाकून बघायचं. पाण्यात स्वल्पविरामासारखं काही वळवळलं की ती अळी. मग पाणी ओतायचं, भांडं घासायला लावायचं, ओतता येण्यासारखं नसेल तर ॲबेट टाकायचं आणि भिंतीवर खडूनं तारीख घालून पुढच्या घरी.

घासायला का लावायचं, हे बायकांना दरवेळी समजावून सांगावं लागे. डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर कडेला चिकटवते. पाणी आटलं तरी ती अंडी कित्येक महिने तग धरतात, आणि पुन्हा पाणी चढलं की त्यातून अळ्या निघतात. अळीपासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं आम्ही सांगत असू. आता हेच उभ्या गाडीला लावून बघा. टायरच्या आतली वळी, टेम्पोचा हौदा, उघड्या बॉनेटखालचा खळगा, सीट काढून नेल्यावर उरलेला पत्र्याचा खड्डा. तिथे कोण घासणार? या वर्षीच्या सप्टेंबरात घातलेली अंडी त्या पत्र्याला चिकटून अख्खा उन्हाळा काढतात आणि पुढच्या जूनच्या पहिल्या सरीत जागी होतात. धुरळणीनं उडता डास मरतो. अंड्याला त्या धुराचं काही होत नाही.

आमच्या वहीत एक रकाना असायचा, ‘घर बंद’. कुलूप दिसलं की तिथे खूण करायची आणि पुढे जायचं. दोनदा जाऊनही कुलूपच असेल तर ते घर हिशेबातून सुटायचं. तपासलेल्या शंभर घरांपैकी किती घरांत अळी सापडली यावरून घर निर्देशांक निघतो. त्यात तपासलेली घरंच येतात. म्हणजे ज्या वाड्याच्या चौकात छप्पर कोसळून तळं साचलंय, ज्याच्या आडावर झाकण नाही, तो वाडा आमच्या आकड्यात कधीच आला नाही. आम्ही बाजूच्या घरातल्या वहिनींच्या फुलदाणीतलं पाणी ओतत राहिलो आणि भिंतीपलीकडे काय साचलंय ते बघितलंच नाही. माझ्या नोकरीतली ही गोष्ट मला आजही टोचते. मी दोनदा वरिष्ठांना विचारलं होतं, कुलूप उघडून घेता येईल का. उत्तर मिळालं, मालकाचा पत्ता आणा.

आता माझ्याच घरचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय दुसऱ्यांच्या गाड्यांबद्दल बोलायचा मला अधिकार नाही.

माझे यजमान तीनचाकी टेम्पो चालवायचे. बाजार समितीतून भाजी, लग्नसराईत मांडवाचं सामान. २००९ साली ते गेले आणि टेम्पो दारासमोर उभा राहिला. पहिलं वर्ष मला त्याच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून हलवला नाही. दुसऱ्या वर्षी विकायचं ठरवलं, तेव्हा समजलं की आरसी बुकावर फायनान्स कंपनीचा बोजा आहे. हप्ते फिटलेले होते, पावत्या होत्या, पण बोजा उतरवायला फॉर्म ३५ वर कंपनीची सही लागते, आणि कंपनीनं आमच्या जिल्ह्यातलं कार्यालय बंद केलेलं. मालक वारला असेल तर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ वेगळा. त्याला वारसांचे कागद, दीर आणि सासूबाईंची संमती. माझी नोकरी, दोन मुलं, आणि आरटीओ कार्यालय बासष्ट किलोमीटरवर. टेम्पो उभाच राहिला. ताडपत्री फाटली. शेजाऱ्यांनी कधी तोंडावर काही म्हटलं नाही, कारण त्यांना माझं दुःख माहीत होतं.

२०१३ च्या पावसाळ्यात समोरच्या घरातली कॉलेजातली पोरगी डेंग्यूनं आजारी पडली. प्लेटलेट अठरा हजारांवर आल्या, रात्री जिल्ह्याच्या दवाखान्यात हलवावं लागलं. ती वाचली. दुसऱ्या दिवशी आमचंच पथक आमच्या बोळात आलं. माझ्या सहकारी ताईंनी टेम्पोच्या हौद्यात बॅटरीचा उजेड टाकला आणि काही न बोलता माझ्याकडे बघितलं. हौदा अळ्यांनी भरला होता. वहीत त्यांनी माझ्या घराचा नंबर लिहिला. हा डास लांब उडणारा नव्हे, बहुतेक डास जिथे जन्मतात तिथून शंभर-दोनशे मीटरच्या आतच आयुष्य काढतात, हे मी इतकी वर्षं लोकांना शिकवत होते. समोरचं घर बारा पावलांवर होतं.

त्यानंतर सात महिन्यांत मी टेम्पोचा निकाल लावला. कंपनीच्या मुंबईच्या पत्त्यावर पाच पत्रं पाठवली, सहाव्याला मुलगा स्वतः गेला, तेव्हा सही मिळाली. नोंदणी रद्द करायला चासी नंबरचा पत्रा कापून आरटीओत जमा केला. तो तुकडा हातात घेऊन मी एसटीत बसले होते. हे सगळं मी करू शकले कारण मला फॉर्म वाचता येतात आणि माझा मुलगा मुंबईत होता. ज्याला यातलं काही नाही त्याची गाडी दारातच मोडते, आणि आपण तिला बेवारस म्हणतो.

निवृत्त झाल्यापासून मी सकाळी फिरायला जाते, आणि जाताना दोनशे पानी वही बरोबर नेते. घरापासून मंडई, मंडईपासून जुनी वेस, वेशीपासून परत. एवढ्या फेरीत चौदा गाड्या आणि सहा वाडे आहेत. प्रत्येकाची चौकशी मी केलीय. काहींची हकीकत इथे देते, म्हणजे एकच नोटीस सगळ्यांना का लागू पडत नाही ते कळेल.

शाळेसमोरची जुनी पद्मिनी एका निवृत्त मास्तरांची. मुलगा पुण्याला, गाडी विकायला मन होत नाही. त्यांच्याकडे कुणीतरी घरी जाऊन अर्धा तास बसलं तर ती गाडी महिन्याभरात हलेल, मी जाऊन आलेय म्हणून सांगते. मंडईमागच्या गॅरेजबाहेरच्या तीन गाड्या गिऱ्हाइकांच्या. दुरुस्तीला सोडल्या, खर्चाचा अंदाज ऐकला आणि परत आलेच नाहीत. मिस्त्री म्हणतो, ‘ताई, माझी नाही म्हणून विकता येत नाही आणि दुसऱ्याची म्हणून फेकता येत नाही.’ रस्ता त्यानं अडवलाय हे खरं, पण त्याच्या हातात कुठलाच कागद नाही हेही तितकंच खरं. वेशीजवळच्या दोन रिक्षा हप्ते थकले म्हणून ओढून आणलेल्या. त्या ओढून आणणाऱ्यांच्या ताब्यात आहेत, चालवणाऱ्यांच्या नाहीत, आणि नोटीस मात्र चालवणाऱ्याच्या घरी जाईल. एका मोटारसायकलीला नंबरप्लेटच नाही. ती चोरीची असू शकते, म्हणून तिचा चासी नंबर आधी पोलिसांनी बघायला हवा.

आणि आमच्या बोळाच्या तोंडाची ती व्हॅन. मालक शाळेची मुलं सोडायचा, लॉकडाऊनमध्ये धंदा बुडाला, आता सुरतेला कापड कारखान्यात आहे. त्याच्या बायकोशी मी बोलले. ती म्हणाली, घेऊन जा, पण कर्जाचं लचांड आमच्या मागे लावू नका. त्या व्हॅनमध्ये रात्री एक हमाल झोपतो. आपल्या माणसांनी कागद चिकटवला तेव्हा आत त्याची घडी केलेली चादर होती. जप्तीच्या दिवशी आधी त्याच्याशी बोला, ही माझी विनंती आहे. आपल्या बेघर निवाऱ्यात त्याला जागा मिळाली तर तो स्वतःहून निघेल.

कायदा नाही म्हणून हे अडलंय असं कृपया म्हणू नका. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ सोडून दिलेली गाडी त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी उचलायला लावू शकतो, आणि उचलण्याचा खर्च मालकावर बसतो. कायद्यात दहा तास लिहिलेत. आमच्या बोळात कित्येक वर्षं झाली. मी पोलीस ठाण्यात गेले तर रस्ता नगरपरिषदेचा आहे असं सांगितलं. नगरपरिषदेत आले तर हा मोटार वाहन कायद्याचा विषय, पोलिसांकडे जा. आरटीओत विचारलं तर आम्ही फक्त नोंदणी बघतो. तिघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि गाडी जागची हलली नाही. मॅडम, आपण या तिघांना एका टेबलाशी बसवलंत तर अर्धं काम त्याच दिवशी होईल. आरटीओचा महिन्यातून एकदा आपल्याच गावात कॅम्प लागतो. त्या दिवशी तिथेच एक टेबल जुन्या गाड्यांची नोंदणी रद्द करायला लावा, शेजारी पोलिसांचा एक माणूस चोरीच्या गाड्यांची यादी घेऊन बसवा. बोजा असलेल्यांसाठी फायनान्स कंपन्यांना नगरपरिषदेच्या लेटरहेडवर पत्र पाठवा. माझ्या पाच पत्रांना जे उत्तर मिळालं नाही ते आपल्या एका पत्राला मिळेल.

मागच्या मोहिमेचं काय झालं ते इथे लिहायलाच हवं. हमरस्त्यावरून नऊ गाड्या उचलल्या, हार घालून फोटो निघाले आणि गाड्या कंपोस्ट डेपोच्या कुंपणाला लावून ठेवल्या. मूल्यांकन झालं नाही, म्हणून लिलाव झाला नाही. आज त्यांच्यातून एरंड उगवलेत. डेपोपलीकडच्या वस्तीतल्या मुलांना तिथे खेळताना मी बघितलंय, आणि उन्हाळ्यात कचऱ्याला आग लागते तेव्हा त्यातले टायर जळतात. पेठेतला गंज गरिबांच्या वस्तीशेजारी नेऊन ठेवण्याला स्वच्छता म्हणता येत नाही. याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही.

म्हणून सुरुवात आपल्याच आवारापासून व्हावी असं मला वाटतं. नगरपरिषदेच्या मागच्या मोकळ्या जागेत दोन जुन्या घंटागाड्या, एक पाण्याचा टँकर आणि चाकं नसलेली एक जीप उभी आहे. सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालू ठेवता येत नाही, त्या नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रातच मोडीत काढायच्या असा केंद्राचा नियम आहे. निर्लेखनाचा, म्हणजे निकामी वस्तू दप्तरातून कमी करण्याचा, ठराव एका सभेत होऊ शकतो. स्वतःचं आवार रिकामं करून मग आपण लोकांच्या दारात गेलात तर आपल्या कागदाला वजन येईल. पोलीस ठाण्याच्या भिंतीलगत मुद्देमालाच्या मोटारसायकली एकमेकींवर रचलेल्या आहेत, त्याही याच गावात आहेत. जप्त केलेली वाहनं ठाण्याच्या आवारात कुजत ठेवू नका, फोटो आणि पंचनामा करून मालकाला बंधपत्रावर परत द्या, कुणी मागितली नाही तर लिलाव करा, असं सर्वोच्च न्यायालयानं सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात १ ऑक्टोबर २००२ रोजी सांगितलं आणि त्याला सहा महिन्यांची मुदतही घालून दिली. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये तर चौदा दिवसांत वस्तूचं वर्णन आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश असं बांधूनच दिलंय. ठाण्याचे निरीक्षक आपल्या बैठकीला येतात, तेव्हा हे विचारायला काय हरकत आहे?

गाडी देणाऱ्यालाही काही मिळतं हे लोकांना कुणी सांगितलेलंच नाही. नोंदणीकृत भंगार केंद्रात गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळतं, आणि ते दाखवून नवी गाडी घेताना मोटार वाहन करात खाजगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक गाडीला १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला दिली तर चार पैसे रोख मिळतात, पण नोंदणी मालकाच्याच नावावर राहते. उद्या त्या नंबरप्लेटवर दुसरीच गाडी फिरली तर पोलीस याच्याच दारात येणार. घंटागाडीच्या भोंग्यावर रोज गाणं लागतं. त्यात आठवडाभर ही दोन वाक्यं लावा.

वाड्यांचं प्रकरण जास्त अवघड आहे, आणि जास्त जिवावरचं.

ज्या वाड्यावर आपण लाल अक्षरं लिहिलीत त्याच्या मालमत्ता पत्रकावर मूळ पुरुषाचं नाव आणि पुढे ‘व इतर’ असं आहे. हे इतर तेवीस. पुण्यात, ठाण्यात, इंदूरला, एक टोरांटोला. वाटपाचा दावा १९८६ पासून चालू आहे. मूळ दावेदारांतले बरेच वारले, आता नातवंडं तारखांना जातात. कोणी एकानं छपरावर हजार रुपये खर्च केले तर ते बाकीच्यांच्या हिश्श्यालाही गेले, म्हणून कोणीच करत नाही. वाडा पडतो कसा ते मी लहानपणापासून बघत आलेय. आधी कौल सरकतं. मग पाणी भिंतीच्या माथ्यातून आत उतरतं. मातीच्या बांधकामाची भिंत फुगते. तेवढ्यात पाखरानं टाकलेल्या बीतून पिंपळ येतो आणि त्याची मुळी त्या फटीत पाचरीसारखी शिरते. सागवानी खांब शेवटपर्यंत उभे असतात. त्यांच्यावरचं सगळं आधी जातं. कौल सरकलं त्याच वर्षी कोणी चार पत्रे टाकले असते तर पुढचं काहीच झालं नसतं.

या वाड्यात ओसरीच्या बाजूच्या खोलीत अजून एक आजी राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. देवळापुढे फुलवाती विकतात. भाडं महिना ४० रुपये, तेही मालक घेत नाहीत म्हणून वकिलामार्फत कोर्टात भरतात. लोक विचारतात, आजी अशा घरात राहतात तरी कशाला, डागडुजी का करत नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १४ मध्ये दुरुस्ती मालकानं करायची आहे. त्यानं केली नाही तर भाडेकरूनं पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः करायची आणि खर्च भाड्यातून वळता करून घ्यायचा, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. चाळीस रुपयांच्या खोलीचं वर्षाचं भाडं ४८०. चौथा हिस्सा १२० रुपये. एवढ्यात सिमेंटची अर्धी गोणीही येत नाही. आणि आजी खोली सोडत नाहीत, कारण एकदा बाहेर पडलं आणि मागे वाडा पाडला तर आपण इथे राहत होतो याचा पुरावा काय, ही त्यांची भीती आहे. ही भीती खोटी नाही.

आपण महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम १९६५ च्या कलम १९५ खाली नोटीस काढलीत. चांगलं केलंत. पण ती वाड्याच्या दाराला चिकटवलीय, आणि ज्या तेवीस जणांनी ती वाचायची त्यांतलं त्या दारातून कोणी जात नाही. वाचली ती आजींनी. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. घरपट्टीच्या नोंदी, सिटी सर्व्हेचं कार्यालय आणि दाव्याचे कागद यांतून तेवीसच्या तेवीस पत्ते मिळतात. माझ्याकडे त्यांतले सतरा आहेत. प्रत्येकाला नोंदणीकृत टपालानं नोटीस पाठवा. आजींच्या खोलीचं मोजमाप करून, त्यांच्या नावानिशी, नगरपरिषदेच्या शिक्क्याचा दाखला त्यांच्या हातात द्या. मग त्या निघतील. मी त्यांना माझ्या घरी दोन महिने ठेवायला तयार आहे, हे त्यांना सांगूनही झालंय.

आणि वाडा सरसकट पाडू नका. इंजिनिअरकडून तपासून घ्या. पुढची भिंत आणि माडी धोक्याची आहे हे मलाही दिसतं. मागचा चौक आणि खांब चांगले आहेत. तूर्त धोक्याचा भाग उतरवा, बाकीच्याला टेकू द्या, पिंपळ मुळीसकट काढा, छपरावर पत्रे टाका, आडात गप्पी मासे सोडून वर जाळी बसवा आणि उघडी दारं विटांनी बंद करा. हा खर्च नगरपरिषदेनं करून मालकांच्या घरपट्टीच्या थकबाकीत चढवता येतो. तेवीस जणांना थकबाकीचा कागद गेला की दाव्यात तडजोडीची भाषा सुरू होईल, असं मला त्यांच्यातल्याच एका नातवानं सांगितलं.

३१ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत भेंडीबाजारातली हुसैनी इमारत पडली आणि ३३ माणसं गेली. ती धोकादायक म्हणून आधीच कागदावर होती. पुढच्या दोन वर्षांत डोंगरीला केसरबाई इमारत. दोन्ही पावसाळ्यातच. लाल अक्षरं लिहिली म्हणजे आपली जबाबदारी संपली असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी त्या दोन इमारती डोळ्यांसमोर ठेवाव्यात. वाड्याच्या उघड्या दारांबद्दल मी विटांचा आग्रह धरते त्यालाही कारण आहे. संध्याकाळी क्लासहून परतणाऱ्या मुली त्याच बोळातून येतात, आणि आत कोण बसलेलं असतं ते बाहेरून दिसत नाही. २२ ऑगस्ट २०१३ ला मुंबईत महालक्ष्मीच्या बंद शक्ती मिलच्या आवारात एका छायाचित्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला, त्यानंतर तरी ओस पडलेली जागा हा फक्त मालकाचा खाजगी प्रश्न आहे असं कोणी मला सांगू नये.

नगरसेवकांसाठी एक गोष्ट वेगळी लिहिते. माझ्या वहीतल्या सहा वाड्यांपैकी दोन वाडे गावातल्या वजनदार माणसांनी घेऊन ठेवलेत. ते पडण्याची वाट बघतायत, म्हणजे भाडेकरू आपोआप जातील. त्या दोन वाड्यांवर लाल अक्षरं नाहीत. आजींच्या वाड्यावर आहेत. मोहिमेची यादी नगरपरिषदेच्या फलकावर लावा, आणि क्रम धोक्यावरून ठरवा. मागच्या वेळी हातगाडीवाल्याची गाडी पहिल्या दिवशी उचलली गेली आणि पेट्रोल पंपाजवळचा ट्रेलर आजही तिथेच आहे. लोक हे बघतात, आणि म्हणून आपला कागद फाडून टाकतात.

हे सगळं करायला फार माणसं लागत नाहीत. एक लागतो. स्वच्छता विभागातला एक माणूस, ज्याच्या नावावर हे काम आहे, ज्याचा फोन नंबर फलकावर आहे, आणि ज्याच्याकडे एकच नोंदवही आहे : गाडी किंवा घर, कागदावरचा मालक, अडचण काय, पुढची तारीख कोणती. आज यातली माहिती पाच टेबलांवर विखुरलेली आहे.

माझी वही मी देते. तिची झेरॉक्स काढून घ्या, मूळ माझ्याकडे राहू द्या. येत्या सोमवारी साडेदहा वाजता मी कार्यालयात येईन. ज्याला हे काम द्याल त्याला माझ्याबरोबर पाठवा, बोळाच्या तोंडाच्या व्हॅनपासून सुरुवात करू. फक्त त्यात झोपणारा हमाल आठ वाजता मंडईत जातो. त्याला गाठायचं असेल तर सातला यावं लागेल. मी सातलाही तयार असते.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका